जुनी तोफ आणि नवी युद्धनौका

किनाऱ्यावरची तोफ आणि जहाजावरची तोफ यांच्यांत झुंज लागली तर सरशी कोणाची, असें विचारल्यास बहुतेक जण जहाजाचें नांव घेतील. जहाज चपळ, प्रसंग अंगावर आला तर पाठ फिरविण्याची त्यास मुभा. तटावरच्या तोफेस जागचें हलतां येत नाहीं. पण हें न हलणेंच तिचें बळ होय. तिच्या पायाखालीं लाटा नसतात. समोरच्या पाण्यांतील अंतरें शांततेच्या काळांत मोजून ठेवलेलीं असतात. आणि वाट अरुंद असली म्हणजे शत्रूला तिच्या तोंडासमोरूनच जावें लागतें.

नॉर्वेची राजधानी ओस्लो एका लांब खाडीच्या टोकाशीं वसली आहे. द्रोबाक गांवापाशीं ही खाडी चिंचोळी होते, आणि तेथील बेटांवर ओस्कार्सबोर्ग नांवाचा जलदुर्ग आहे. त्यावर १८९३ सालीं २८ सेंटिमीटर तोंडाच्या तीन तोफा बसविल्या. त्या जर्मनींतल्या क्रुपच्या कारखान्यांतल्या होत्या, हें ध्यानांत ठेवावें. त्यांपैकीं एक उतरवितांना पाण्यांत पडली व वर काढावी लागली, म्हणून बायबलांतील नदींतून उचललेल्या बाळावरून तिचें नांव मोझेस ठेवलें! शिवाय खडकांत कोरलेल्या भुयारांत पाणतिरांचा एक गुप्त मोर्चा होता. हे पाणतीरही चाळीस वर्षांचे जुने होते.

ता. ९ एप्रिल १९४० च्या पहाटे जर्मनीचें आरमार खाडींत शिरलें. अग्रभागीं ब्ल्यूखर ही क्रूझर होती. तिला आरमारांत दाखल होऊन वर्षही झालें नव्हतें. नॉर्वे तटस्थ राष्ट्र. येणारें जहाज कोणाचें, याची किल्लेदार कर्नल बिर्गेर एरिक्सन यांस खात्री नव्हती, आणि वरून स्पष्ट हुकूमही नव्हता. शिकलेले गोलंदाज इतके थोडे कीं, तीनपैकीं दोनच तोफा सज्ज करतां आल्या. कित्येक शिपाई तर आठवड्यापूर्वींच भरती झालेले. एवढी अवजड तोफ पुन्हां भरावयास मिनिटें लागतात, व तेवढ्यांत जहाज निसटून जाणार. म्हणजे प्रत्येक तोफेला एकच बार. मग इशाऱ्याचा बार काढून तो वायां कसा घालवावा? चौसष्ट वर्षांच्या या गृहस्थांनीं जहाज दीड किलोमीटरच्या आसपास येऊं दिलें आणि ४ वाजून २१ मिनिटांनीं थेट मारा करण्याचा हुकूम सोडला. चुकलें असतें तर लष्करी न्यायालय ठरलेलेंच होतें.

दोन्ही गोळे लागले. जहाजावर फौजेसाठीं नेलेला दारूगोळा व पेट्रोल पेटलें. समोरच्या काठावरील लहान तोफांनींही भडिमार केला, आणि मग पाणतिरांनीं तळ फोडला. सुमारें दोन तासांनीं ब्ल्यूखर उलटून बुडाली. शेंकडों माणसें गेलीं. मागचीं जहाजें माघारीं वळलीं.

किल्ल्यावर दिवसभर विमानांतून बाँब पडले, व दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यास शरण जावें लागलें. ओस्लोही ९ तारखेलाच विमानांतून उतरलेल्या सैन्यानें घेतलें. पण तोंवर राजे हाकोन सातवे, मंत्रिमंडळ व संसदेचे सभासद आगगाडीनें शहराबाहेर पडले होते, आणि नॉर्वेच्या बँकेंतील सोनें मोटारलॉऱ्यांतून वाटेला लागलें होतें.