सांडपाणी निवळले तरी विषाणू गाळात राहतात

शहरालगतच्या गावांतील अनेक शेतकरी भाजीपाला व चारा पिकांना सांडपाणी देतात. हौदात निवळून पाणी स्वच्छ दिसू लागले की ते निर्धोक झाले, असा समज आढळतो. शेतकरी बंधूंनो, हा समज चुकीचा आहे.

कावीळ, पोलिओ व काही जुलाबांचे विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून सांडपाण्यात येतात. पोलिओचा विषाणू सुमारे ३० नॅनोमीटर, म्हणजे एक मिलिमीटरमध्ये तेहतीस हजार ओळीने मावतील एवढा लहान असतो. असा सूक्ष्म विषाणू एकटा तळाशी बसत नाही. परंतु विद्युतभार व इतर आकर्षणामुळे तो विष्ठेच्या व मातीच्या कणांना चिकटतो आणि त्यांच्याबरोबर गाळात जातो. तेथे तो अधिक काळ टिकतो. क्लोरीनपासूनही हे कण त्याचा बचाव करतात.

म्हणून केवळ वरचे पाणी तपासून भागत नाही, गाळाचाही नमुना घ्यावा लागतो. नमुना निर्जंतुक बाटलीत भरून, बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवतात. तेथे सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून घनकण वेगळे करतात. सामू ९ पेक्षा जास्त असलेल्या मांसअर्काच्या द्रावणात हे कण घुसळले की विषाणू सुटून द्रावणात येतात. नंतर तपासणी दोन प्रकारे होते. पेशींवर वाढवून पाहिल्यास सक्रिय विषाणू कळतात, परंतु त्यास बरेच दिवस लागतात व सर्वच विषाणू असे वाढत नाहीत. पीसीआर तपासणीत विषाणूचा जनुकीय अंश लवकर सापडतो, मात्र तो सक्रिय आहे की मृत हे कळत नाही. मुंबईत २००१ मध्ये पोलिओच्या विषाणूचा माग काढण्यासाठी सांडपाण्याची तपासणी सुरू झाली. कोलिफॉर्म जिवाणूंची तपासणी समाधानकारक आली तरी विषाणू नाहीत, असे मात्र समजू नये.

ही तपासणी शेतावर होऊ शकत नाही. तथापि पुढील काळजी आपण घेऊ शकता.

१. पाणी वरच्या थरातून घ्यावे, हौदाचा तळ ढवळू नये.

२. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना हे पाणी देऊ नये. इतर पिकांना तुषार पद्धतीऐवजी सरीतून द्यावे.

३. ओला गाळ शेतात टाकू नये. काडीकचऱ्यात मिसळून ढीग लावावा. ढिगाचे तापमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअस किंवा अधिक राहावे व त्या काळात ढीग पाच वेळा उलटावा.

४. गाळ काढताना गमबूट व हातमोजे वापरावेत आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

आपल्या शेतातील भाजी आपली मुलेही खातात, हे ध्यानात ठेवून गाळ हाताळावा.