सेविकेच्या पाठीशी गाव

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. मूल पुढे काय होणार हे लहानपणीच कळते, असा तिचा अर्थ आपण घेतो. पण मंडळी, आज ही म्हण जरा शब्दशः घेऊ या आणि पाळण्यातले पाय खरोखरच पाहू या.

एखाद्या बाळाचे पाऊल जन्मतःच आत वळलेले असते. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात. पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू झाले, तर दर आठवड्याला एक याप्रमाणे पाच-सात प्लास्टरे घालून पाऊल हळूहळू सरळ करता येते. बहुतेक मुलांना टाचेमागच्या ताठ शिरेला एक लहानसा छेदही द्यावा लागतो. त्यानंतर पट्टीला जोडलेले खास बूट घालायचे; आधी काही महिने जवळजवळ दिवसभर, मग मूल सुमारे चार वर्षांचे होईपर्यंत रोज रात्री झोपताना.

गोम आहे ती इथेच. प्लास्टर डॉक्टर घालतात, पण बूट घरच्यांनी घालायचे असतात. मूल रडते, आजीचा जीव कळवळतो, बूट फळीवर जाऊन बसतात, आणि सरळ झालेले पाऊल पुन्हा वळू लागते. त्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून "काय हो, रात्रीचे बूट घालता ना?" असे विचारणारे माणूस कोण? जिल्ह्याचा डॉक्टर काही रोज येणार नाही. विचारते ती अंगणवाडीची सेविका, नाहीतर आशाताई. या दोघींना आधार कसा द्यावा, एवढेच आज सांगायचे आहे.

अंगणवाडी ही कल्पना आपल्या मातीतलीच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा साधा विचार. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्त्यांत गेले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही फेब्रुवारी २०१३ मध्ये कोसबाडपासून फार दूर नसलेल्या पालघरहून सुरू झाला.

या कार्यक्रमाची रीत समजून घ्या. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची व रक्ताची कमतरता, बालपणाचे आजार आणि वाढीतला उशीर, अशा चार गोष्टी ते पाहतात. शंका आली की मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी, शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. बालरोगतज्ज्ञ, व्यायामोपचार करणारे, ऐकणे-बोलणे तपासणारे, मनाचे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एका छपराखाली असावेत, ही त्या केंद्रामागची कल्पना आहे.

पण पथक वर्षातून दोनदा येते आणि मूल तर रोज वाढते. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे मान वळवत नाही. वर्षाचे झाले, तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही. दीड वर्ष झाले, तरी चालत नाही. दोन वर्षांचे झाले, तरी दोन शब्द जोडून बोलत नाही. अशी खूण दिसली म्हणजे आजार आहेच असे नव्हे. पण तपासून घ्यावे, एवढे मात्र नक्की. कारण पहिल्या तीन वर्षांत मेंदू ज्या वेगाने घडतो, तो वेग पुढे राहत नाही. ज्या मुलाला ऐकूच येत नाही, ते बोलायला कसे शिकेल? त्याच्या कानाला यंत्र लवकर लागले, तर त्याच्या वाट्याला शब्द लवकर येतात. उशीर झाला, तर तेच काम दुप्पट कष्टाने करावे लागते.

आता सेविकेच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ती धीर करून घरी सांगायला जाते. आजी म्हणते, "बाई, याचा बापसुद्धा उशिराच बोलायला लागला. आमच्या पोराला तू येडं ठरवतेस व्हय?" शेजारीपाजारी कुजबुजतात. पुढच्या आठवड्यात ते मूल अंगणवाडीत येणेच बंद होते. सेविका मनात म्हणते, आपण कशाला बोललो? पुढच्या वेळी दुसऱ्या मुलात तीच खूण दिसते आणि ती गप्प राहते. मंडळी, या गप्प राहण्यात त्या मुलाचे मोलाचे महिने जातात.

शिवाय तिच्या डोक्यावर कामे किती! आहार, वजन-उंची, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायांची नोंद, मुलांची गाणी-गोष्टी, आणि २०२१ पासून मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायची माहिती. तिला मिळते ते मानधन. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका आणि मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे हे काम केवळ हौसेची सेवा नव्हे, हे न्यायालयालाही पटले.

तर मग आपण काय करावे?

शिक्षक बंधुभगिनींनो, पहिली गोष्ट तुमच्या हाती आहे. गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. सेविका शंका असलेल्या घरी जाते, तेव्हा एकदा तिच्याबरोबर जा. तिथे फार बोलू नका. "ताई म्हणतात ते बरोबर आहे, एकदा दाखवून आणू," एवढे म्हटले तरी पुरे. पहिलीत येणाऱ्या मुलांविषयी तिला आधीच विचारा. तिने पाच वर्षे ते मूल पाहिले आहे. तिची वही म्हणजे तुमचा पहिला धडा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनी जिल्ह्याच्या वाटेचा विचार करावा. चिठ्ठी मिळूनही पुष्कळ मुले केंद्रात पोहोचत नाहीत, याचे कारण अज्ञान असतेच असे नाही. एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, घरी दुसरे लेकरू असते. दोन-तीन घरांनी एकाच दिवशी मिळून जावे, बरोबर वाट ठाऊक असलेले माणूस द्यावे. हे काम ठरावापेक्षा मनावर घेण्याचे आहे.

मुख्यसेविकांना विनंती अशी, की भेटीच्या दिवशी रजिस्टर तपासण्याआधी दहा मिनिटे विचारा, "या महिन्यात कोणत्या मुलाची काळजी वाटली?" चूक शोधणारा वरिष्ठ आला की माणूस कागद लपवतो; ऐकणारा आला की अडचण सांगतो. महिन्याच्या बैठकीत सेविकांनी एकमेकींना अवघड घरांची हकीकत सांगावी. दुसरीने तोच प्रसंग कसा निभावला, हे कळले की अर्धे ओझे उतरते.

आणि आईबापांनो, सेविका काही सांगायला आली, तर ती दोष द्यायला आलेली नाही, हे ध्यानात घ्या. अशा उपचारात पी हळद अन् हो गोरी असे होत नाही. महिनोन्‌महिने रोज थोडे थोडे करावे लागते. बरे वाटले, तर तिला जाऊन सांगा. मूल पहिल्यांदा उभे राहिले, पहिला शब्द बोलले, ही बातमी तिच्याही हक्काची आहे.

शेवटी सेविकेच्या मनाविषयी. दुसऱ्यांचे दुःख रोज ऐकणाऱ्यालाही थकवा येतो. झोप उडते, चिडचिड होते, कामावर जाऊ नयेसे वाटते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मोफत आणि मराठीतही बोलता येते. आईबापांनी बोलावे, शिक्षकांनी बोलावे, सेविकेनेही बोलावे. हा क्रमांक अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पाळण्यातले पाय पाहणारी नजर गावात आहे. ती सांगते तेव्हा तिचे ऐकून घ्या, आणि जिल्ह्याला जायचे ठरले की कोणी तरी तिच्याबरोबर निघा.