एकट्या गोळीची मर्यादा

फुफ्फुसाचा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरला की शस्त्रक्रियेचा मार्ग बहुधा बंद होतो. मग प्रश्न उरतो तो हाती असलेल्या महिन्यांचा. ज्या रुग्णांच्या गाठीत ‘ईजीएफआर’ जनुकाचा ठराविक बिघाड आढळतो, त्यांना जेफिटिनिबसारखी गोळी लागू पडते. पेशींना वाढीचा अखंड हुकूम देणारे प्रथिन ती रोखते. घरी बसून रोज एक गोळी घ्यावयाची, ही सोय लहान नव्हे. परंतु काही महिन्यांनी रोग तिला दाद देईनासा होतो.

मग प्रारंभापासूनच तिच्या जोडीला केमोथेरपी का देऊ नये? कल्पना जुनीच आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत ती सपशेल फसली. मात्र तेव्हा जनुकाची तपासणी न करता सरसकट सर्वांना गोळी दिली गेली होती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने हा बिघाड सिद्ध झालेल्या ३५० रुग्णांवर चाचणी घेतली आणि २०१९ साली निष्कर्ष मांडले. एकट्या गोळीवरील निम्म्या रुग्णांत सुमारे आठ महिन्यांत रोग पुन्हा बळावला. जोड-उपचारात हाच काळ सोळा महिन्यांवर गेला. ओसिमर्टिनिब या नव्या गोळीच्या चाचणीतही तेच दिसले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार आयुर्मानाचा मध्यांक ३७.६ वरून ४७.५ महिन्यांवर गेला.

तथापि या महिन्यांची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. मुंबईच्या चाचणीत गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध, रक्तातील पेशींची घट, जंतुसंसर्गाचे भय. शिवाय दूरच्या गावाहून येणाऱ्याला प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी. (हा खर्च कोणत्याच तक्त्यात येत नाही.) ‘आधी गोळी, पुढे गरज पडल्यास केमोथेरपी’ हा सल्ला म्हणूनच सौम्य वाटतो. पण रोग उसळून आला की अनेकांच्या अंगात ती सोसण्याचे त्राणच राहत नाही, ही गोष्ट त्यात विसरली जाते. अशक्त वृद्धाला एकटी गोळी पुरे असेल. धडधाकट रुग्णाला मात्र दोन्ही मार्ग समजावून सांगितलेच पाहिजेत.

आणि हे सारे जनुकाच्या तपासणीवर अवलंबून आहे. तिचा अहवाल येण्यास दिवस लागतात. धाप लागलेल्या रुग्णाला तेवढी उसंत नसते, तेव्हा केमोथेरपी आधी सुरू करून अहवाल आल्यावर गोळी जोडता येते.