मेलबर्नचा कर्णधार

संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या खोऱ्यात आश्वी खुर्द हे गाव आहे. अजिंक्य रहाणेचा जन्म ६ जून १९८८ रोजी तेथे झाला. डिसेंबर २०२० मधील मेलबर्न कसोटीची आठवण निघाली, की अहिल्यानगर जिल्ह्यातील क्रिकेटरसिक ११२ हा आकडा अभिमानाने सांगतात. अभिमान रास्तच आहे. परंतु त्या सामन्यात रहाणेने जे केले त्याचा मोठा भाग धावफलकावर उमटलेलाच नाही, हे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

त्याआधी आठवडाभर, १९ डिसेंबरला, ॲडलेडच्या कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला होता. १९७४ साली लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद होण्याची जी नामुष्की पदरी आली होती, तीही यापुढे फिकी पडली. कर्णधार विराट कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी, आधी ठरल्याप्रमाणे, मायदेशी परतला. महंमद शमी हाताच्या दुखापतीने जायबंदी झाला. अशा वेळी मितभाषी उपकर्णधाराच्या हाती संघ आला तेव्हा मालिका ४-० अशी संपणार, असे भाकीत वर्तविणाऱ्या जाणकारांची संख्या कमी नव्हती.

२६ डिसेंबरला नाणेफेक ऑस्ट्रेलियाने जिंकली. मेलबर्नवर पहिल्या सकाळी वेगवान गोलंदाजांवर विसंबावे, हा प्रघात. रहाणेने उपाहाराची वाट न पाहता अश्विनच्या हाती चेंडू दिला. मॅथ्यू वेड बाद झाला आणि पाठोपाठ स्टीव्ह स्मिथ लेगच्या बाजूला मुद्दाम उभ्या केलेल्या पुजाराकडे झेल देऊन भोपळ्यावर परतला. पदार्पण करणाऱ्या महंमद सिराजला त्याने उपाहारानंतर गोलंदाजी दिली. दौऱ्यावर असतानाच वडिलांचे निधन होऊनही संघासोबत राहिलेल्या या तरुणाने सामन्यात पाच बळी घेतले. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव १९५ धावांत संपला. गोलंदाज कोणता व केव्हा, क्षेत्ररक्षक कोठे, हा हिशेब कर्णधाराचा. धावफलकावर त्याला रकाना नाही.

मग फलंदाजी. २ बाद ६१ अशा स्थितीत रहाणे खेळावयास आला आणि २२३ चेंडू खेळला. त्या खेळीत जीवदानेही लाभली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जडेजासह त्याने सहाव्या गड्यासाठी १२१ धावांची भागी केली. तिसऱ्या सकाळी जडेजा ४९ वर असताना एका चोरट्या धावेच्या प्रयत्नात रहाणे धावबाद झाला. शतकवीर कर्णधार दुसऱ्याच्या धावेपायी बाद होतो, तेव्हा मैदानावर काय घडते हे प्रेक्षकांना ठाऊक असते. येथे तसे काहीच घडले नाही. ओशाळलेल्या जडेजापाशी जाऊन त्याने पाठीवर हात ठेवला, आणि तो तंबूत परतला. जडेजाने पुढे अर्धशतक पुरे केले. २९ डिसेंबरला भारताने आठ गडी राखून सामना जिंकला, तेव्हा रहाणे २७ धावांवर नाबाद होता. सामनावीर म्हणून त्याला मुल्लाघ पदक मिळाले. १८६८ साली इंग्लंडचा दौरा करणाऱ्या आदिवासी ऑस्ट्रेलियन संघातील जॉनी मुल्लाघ याच्या नावाचे हे पदक त्या वर्षी प्रथमच दिले गेले.

जिल्ह्याचा वाटा यात किती? रहाणे क्रिकेट शिकला तो डोंबिवलीत, मॅटिंगच्या खेळपट्टीवर, पुढे मुंबईत. श्रीरामपूरच्या जहीर खानलाही सतराव्या वर्षी मुंबई गाठावी लागली होती. जिल्ह्याच्या वेशीवर अभिनंदनाचे फलक लावणाऱ्यांनी, तालुक्याच्या गावी मुलांना बारमाही सरावाची खेळपट्टी कोठे आहे, याचीही चौकशी केली असती तर बरे झाले असते.

ब्रिस्बेनला १९ जानेवारी २०२१ रोजी मालिका २-१ अशी जिंकून रहाणे मुंबईस परतला. शेजाऱ्यांनी स्वागतासाठी आणलेल्या केकवर कांगारूची आकृती होती. तो केक कापण्यास त्याने नकार दिला. त्याच्या नेतृत्वाखाली भारत सहा कसोटी सामने खेळला. चार जिंकले, दोन अनिर्णित राहिले. २०२२ च्या आरंभी तो संघाबाहेर गेला. पुढच्या वर्षी परतला तो फलंदाज म्हणून. मेलबर्ननंतर कसोटीत त्याचे शतक झाले नाही.