संशयाचा व्यापार आणि आपली जबाबदारी

वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव दूषित झाले असता भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना म्हटले आहे. या दुष्टीचे मूळ त्यांनी प्रज्ञापराधात दाखविले. शिसेयुक्त पेट्रोलचा इतिहास हे त्याचे अर्वाचीन उदाहरण होय.

इंजिनातील ठोका थांबविण्यासाठी टेट्राएथिल लेड उपयोगी पडते, हे १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत आढळले. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले आणि १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका शुद्धीकरण कारखान्यात या विषाने पाच कामगार दगावले. १९२५ च्या वॉशिंग्टन परिषदेत यांडेल हेंडरसन व ॲलिस हॅमिल्टन यांनी धोक्याचा स्पष्ट इशारा दिला. तरीही काही काळ थांबविलेली विक्री पुढे पुन्हा सुरू झाली.

पुढील चार दशके या विषयावर उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनाचेच, विशेषतः डॉ. रॉबर्ट केहो यांचे, वर्चस्व होते. शरीरात शिसे स्वभावतःच असते, ठरावीक मर्यादेखाली ते निरुपद्रवी असते आणि अपाय सिद्ध होईपर्यंत विक्री थांबविण्याचे कारण नाही, असे ते प्रतिपादन करीत. सिद्धतेचा भार अशा रीतीने रुग्णावर टाकला गेला. सर्वत्र आढळणारे शिसे नैसर्गिक नसून मानवनिर्मित आहे, हे भूरसायनज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये दाखविले, तेव्हा त्यांचेच संशोधन-अनुदान आटले. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या दुधाच्या दातांतील शिशाचा बुद्धिमत्तेशी संबंध दाखविला. शिसे-उद्योगाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांनी १९९१ मध्ये त्यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप केला. चौकशीत तो टिकला नाही. भारतातून हे पेट्रोल २००० मध्ये हद्दपार झाले, तर जगातील शेवटची विक्री अल्जीरियात २०२१ मध्ये थांबली. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची आज भूमिका आहे.

हा इतिहास आम्ही येथे मांडतो, कारण नाग हे द्रव्य आपल्या रसशास्त्रातही आहे. २००४ मध्ये बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा सोमल आढळल्याचे अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकूण धातू मोजल्याने भस्माचे स्वरूप कळत नाही, हा आपला आक्षेप शास्त्रीय आहे. परंतु तेवढ्यावर थांबून सारे काही आयुर्वेदाविरुद्धचे कारस्थान ठरविले, तर आपणही केहोंच्याच वाटेने जाऊ.

चरकाच्या वादमार्गात संशयाबरोबर जिज्ञासा आहे आणि व्यवसाय, म्हणजे निश्चयही आहे. शास्त्रज्ञाचा संशय परीक्षेला प्रवृत्त करतो. व्यापाऱ्याचा संशय परीक्षा लांबणीवर टाकतो. म्हणून औषधालय-चालकांनी प्रत्येक बॅचचा जड धातूंचा तपासणी-अहवाल मागावा. वनौषधी कल्पांत शिशाची मर्यादा दशलक्षात १० भाग आहे. उदरशूल, विबंध व पांडुता एकत्र दिसल्यास वैद्यांनी रुग्णाचा व्यवसाय, घरचा रंग, भांडी आणि घेतलेली औषधे यांची विचारपूस करून रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

शोधनाविना नाग वापरू नये, ही आपल्या आचार्यांचीच आज्ञा आहे. पुरावा मागण्याचा अधिकार आपण जरूर बजावावा. मात्र तो देण्याचे कर्तव्य आधी आपले आहे.