सतरा आकड्यांचा डोंगर

पाटी-पेन्सिल हाताशी असेल तर ही संख्या उतरून घ्या : १२३४५६७८९८७६५४३२१. आकडे मोजा, सतरा भरतील. एकं, दहं, शतं करीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थाने चढत गेलात, तर डावीकडचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानी येतो. त्याच्यापुढे फक्त ‘परार्ध’ उरतो, आणि तिथे ती यादीच संपते. संख्या एवढी अवाढव्य, पण लहान पोरही ती पाठ म्हणेल. नऊपर्यंत चढायचे आणि आल्या वाटेने उतरायचे!

ही संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, वर्ग होय. पण चमत्कार म्हणून हात जोडू नका, कारण शोधा. १११ ला १११ ने गुणताना आपण १११ तीनदा मांडतो, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. आता उभ्या रांगांची बेरीज करा. कडेला एक, मग दोन, मधोमध तीन, पुन्हा दोन, शेवटी एक. झाले १२३२१. तसेच नऊ एकांच्या नऊ ओळी मांडल्या की मधल्या रांगेत नऊ एक जमतात. कुठेच दहा भरत नाहीत, म्हणून हातचा येत नाही.

अशा संख्यांना ‘डेमलो संख्या’ हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी, मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनच्या नावावरून. ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते. त्यांच्या या आकडेमोडीला सुरुवातीला आपल्याकडे फारसे कोणी विचारले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा नाव दूरवर गेले.

बरे, दहा एकांचा वर्ग केला तर? शिक्षकबंधूंनो, हा प्रश्न मुलांना जरूर घाला, आणि उत्तर सांगण्याची घाई करू नका. येते ते असे : १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रांगेत दहा भरले. शून्य मांडून हातचा एक डावीकडच्या नवाला दिला. त्याचेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा, आणि तो आठाला मिळून नऊ झाला. चढावरचा आठ गायब होतो तो इथे.

आता अंकांची बेरीज करा. पहिल्या संख्येत ती ८१ आहे, म्हणजे नऊ नव्वे. दुसरीत दहा दाहे शंभर यायला हवी, पण येते ८२. अठरा गेले कुठे? हातचा घेताना आपण दहा सुटे देऊन एक बंदा घेतो. म्हणजे अंकांच्या बेरजेतून दर खेपेस नऊ कमी होतात. हातचे दोन, म्हणून अठरा. अंकांच्या बेरजेतून नऊ-नऊ टाकून गुणाकाराचा ताळा पाहण्याची जुनी रीत याच आधारावर उभी आहे : हातचे कितीही आले, तरी जातात ते नवाच्याच पटीत.