फुकटची पुस्तकं, महागात पडणारे गैरसमज

उन्हाळी परीक्षा तोंडावर आली की यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, कुठेही जा. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कुणाच्या नोट्स, कुणाचं गाईड, मोबाइलवर फिरत आलेली कुठल्या तरी पुस्तकाची निम्मी पीडीएफ, सगळं कागदावर उतरत असतं. त्यात २०२४-२५ पासून अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजांत पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू होत गेलं आणि अभ्यासक्रम बदलले. मोठ्या भावाची पुस्तकं धाकट्या बहिणीला चालायची, ती सोय बऱ्याच विषयांत संपली. वर्षाचा हिशेब कापसाच्या भावावर ठरणाऱ्या घराला हा खर्च जाणवतो.

गंमत अशी, की लागणाऱ्या मजकुराचा बराच भाग कायदेशीरपणे आणि विद्यार्थ्याच्या खिशाला हात न लावता मिळू शकतो. आड येतात त्या समजुती. काही अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच त्या जास्त चिवट.

गैरसमज : पीडीएफ म्हणजे चोरीचाच माल

टेलिग्रामवर अख्खं गाईड टाकणारा चॅनेल बेकायदाच आहे, त्यात वाद नाही. शिवाय तिथलं पुस्तक बहुतेक वेळा जुन्या आवृत्तीचं, जुन्या अभ्यासक्रमाचं. पण त्यावरून सगळ्या पीडीएफला चोर ठरवणं चूक. इग्नूचं अभ्याससाहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर खुलं आहे. पदव्युत्तर विषयांसाठी यूजीसीची ‘ई-पीजी पाठशाला’ आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झालं. ई-मेल दिला की नोंदणी होते, पैसे नाहीत. तिथे एक मेख मात्र आहे. ते ग्रंथालय मुख्यतः पत्ता सांगतं; पुस्तक दुसऱ्याच संस्थेच्या कपाटात असतं आणि काही कपाटांना कुलूप असतं. चार कुलपं लागली की पोरं वैतागून परत टेलिग्रामवर जातात. शोधताना फक्त खुलं साहित्य निवडलं की हा त्रास बराच कमी होतो.

झेरॉक्सवरही खटला झालेला आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा ठोकला. तक्रार अशी, की हे दुकान प्राध्यापकांनी नेमून दिलेले उतारे एकत्र बांधून विकतं. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला खंडपीठानेही कायद्याचा तोच अर्थ उचलून धरला : कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, शिकवण्यासाठी लागेल तेवढा मजकूर शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला उतरवून घेता येतो. पुढे मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. म्हणजे सरांनी वर्गासाठी चार प्रकरणांचा संच तयार करून दिला, तर त्यांनी गुन्हा केला नाही. हा निकाल पाठीशी असूनही आपल्याकडचे किती प्राध्यापक असे संच करतात, हा प्रश्न त्यांनाच विचारलेला बरा.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला आणखी एक हत्यार आहे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सर्वांचं होतं. महात्मा फुले, केशवसुत, हरी नारायण आपटे, गडकरी, साने गुरुजी यांची पुस्तकं कुणीही छापावीत, टंकून नेटवर टाकावीत, वाटावीत. वणीचे लोकनायक बापूजी अणे १९६८ मध्ये गेले. त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०२९ उजाडताच खुलं होईल. जिल्ह्यातल्या एखाद्या मराठी विभागाने तयारी आत्ताच सुरू करायला हरकत नाही.

गैरसमज : हे सगळं पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत, आपल्याकडे कुठलं?

सर्वांत महागात पडणारी समजूत हीच. ‘एन-लिस्ट’ हे नाव किती विद्यार्थ्यांच्या कानावर आहे? यूजीसीचं गांधीनगरचं ‘इन्फ्लिबनेट’ केंद्र ही योजना २०१० पासून चालवतं, आणि ती आखली गेली तीच मुळात आपल्यासारख्या संलग्न कॉलेजांसाठी. सहा हजारांवर नियतकालिकं आणि जवळपास दोन लाख ई-पुस्तकं. वर्षाची वर्गणी सरकारी आणि अनुदानित कॉलेजाला सहा हजार रुपयांच्या आत. विद्यार्थ्यामागे नव्हे, अख्ख्या कॉलेजमागे. वाङ्मय, इतिहास, अर्थशास्त्र, रसायन, सगळं त्यात आहे. आणि दिल्लीच्या झेरॉक्सवाल्याला कोर्टात खेचणाऱ्या त्या तिन्ही प्रकाशकांची पुस्तकंही त्यात आहेत, तीही रीतसर.

मग अडतं कुठे? खातं आपोआप उघडत नाही. कॉलेजचा ग्रंथपाल विद्यार्थ्यांची नावं आणि ई-मेल भरतो, मग प्रत्येकाला आयडी-पासवर्ड जातो. एकदा तो मिळाला की घरी बसून, शेतातल्या मचाणावर बसूनही पुस्तक उघडतं. ग्रंथालयात यावं लागत नाही. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी खाती प्राध्यापकांपुरती निघतात. नॅकची समिती येते तेव्हा ग्रंथालयाच्या निकषात ई-साहित्याची वर्गणी विचारली जाते, पावती फाइलला लागते, गुण मिळतात. विद्यार्थ्याला मात्र पासवर्ड काय असतो हेच माहीत नसतं. दोष एकट्या ग्रंथपालाचाही नाही. अनेक अनुदानित कॉलेजांत ग्रंथपालाचं पद रिकामं, आणि कुणी तरी ‘प्रभारी’ किल्ल्या सांभाळतोय, अशी अवस्था आहे.

गैरसमज : ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ आली, आता सगळंच मोफत

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांपुरती आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांसाठी ती मोलाची. खासगी संस्थेच्या अनुदानित कॉलेजात बी.ए. करणाऱ्या मुलीला तिचा थेट उपयोग नाही. आणि त्यात संशोधनाची नियतकालिकं आहेत, बी.ए.ची क्रमिक पुस्तकं नाहीत.

गैरसमज : जे फुकट आहे ते सगळं इंग्रजीतच

ही तक्रार निम्मी खरी आहे, आणि ती खरी असल्याचं मान्य न करणाऱ्यांनी झरी-जामणीच्या एखाद्या वर्गात तासभर बसावं. तिथे कोलामी किंवा गोंडी घरात, मराठी शाळेत आणि इंग्रजी ई-पुस्तकात, अशी तिसरी भाषा चढून जावी लागते.

तरीही मराठीत आहे ते कमी नाही. तांत्रिक शिक्षण परिषदेच्या ‘ई-कुंभ’वर पदविका आणि अभियांत्रिकीची पुस्तकं मराठीत उतरवून घेता येतात, पॉलिटेक्निकला गेलेल्या मराठी माध्यमाच्या मुलाने पहिल्या आठवड्यातच ती बघावीत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९७६ मध्ये पहिला खंड निघालेला मराठी विश्वकोश आज पूर्ण ऑनलाइन आहे. भूगोल, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञानाची नोंद त्यात वाचून मग गाईड उघडावं. फरक लगेच कळतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे राज्य सरकारने १९७९ पासून काढलेले इंग्रजी खंड पीडीएफमध्ये सहज मिळतात. राज्यशास्त्राचा विद्यार्थी आंबेडकरांवरचं दुय्यम गाईड विकत घेतो आणि मूळ खंड फुकट असल्याचं त्याला कुणी सांगत नाही, याला काय म्हणावं?

उणीव आहे ती नव्या अभ्यासक्रमाच्या मराठी पाठ्यपुस्तकांची. त्यावर अमेरिकेतला एक दाखला कामाचा आहे. टेक्सासच्या राइस विद्यापीठाने २०१२ मध्ये ‘ओपनस्टॅक्स’ सुरू केलं. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्राची पूर्ण पाठ्यपुस्तकं, तज्ज्ञांनी तपासलेली, फुकट. त्यातल्या बहुतेकांचा परवाना असा, की मूळ लेखकांचं श्रेय दिलं की भाषांतर करायला कुणाची परवानगी लागत नाही. एकेका विषयाच्या अभ्यास मंडळाने वर्षाला चार प्रकरणं मराठीत आणायची ठरवली तरी सगळ्या विदर्भाचं काम होईल. यंत्राने केलेला कच्चा तर्जुमा आता मिळतो. तो सुधारायला विषय कळणारा माणूस लागतो, आणि तो आपल्याकडे आहे.

गैरसमज : नेट नाही तर काही नाही

इथे व्हिडिओ आणि पुस्तक यांची गल्लत होते. तीनशे पानांची टंकलेली पीडीएफ साधारण पाच-दहा एमबीची, स्कॅन केलेली असेल तर काही पट जास्त. तासाभराचा व्हिडिओ मात्र काही शे एमबी खातो. म्हणजे एका व्हिडिओच्या डेटात सत्राची सगळी पुस्तकं उतरतात. कॉलेजला आलात त्या दिवशी तिथल्या वायफायवर उतरवून घ्या. गावात टॉवर नसला, लाइट गेली, तरी मोबाइलमध्ये पुस्तक आहेच. ग्रंथालयाने एका पेन ड्राइव्हवर विषयवार खुली पुस्तकं भरून ठेवली आणि मागेल त्याला दिली, तर त्यात बेकायदा काही नाही आणि खर्चही नाही.

गैरसमज : ‘स्वयं’चं सगळंच फुकट, आणि ‘स्वयं’ एकच

९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘स्वयं’ पोर्टलवर शिकणं मोफत आहे. प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क आहे. आयआयटीवाल्यांच्या ‘एनपीटीईएल’ची परीक्षा एका विषयाला हजार रुपयांच्या घरात जाते, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना निम्मी सवलत. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक असे मिळवता येतात, पण तुमच्या विद्यापीठाने तो अभ्यासक्रम मान्य केलेला असला तरच. पैसे भरण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी होकार घ्या.

आणि पांढरकवडा, पुसद प्रकल्पातल्या पालकांसाठी : आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाल उपाध्याय ‘स्वयं’ योजना वेगळी. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला त्यात राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात. पोर्टलवर नोंदणी केली म्हणजे या योजनेचा अर्ज झाला, असं समजू नका.

गैरसमज : मोबाइलवर अभ्यास होतच नाही

हेही पूर्ण खोटं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातले ५४ अभ्यास, एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक एकत्र तपासले गेले. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, विशेषतः वेळेची घाई असेल तेव्हा, असं त्यात दिसलं. म्हणून छापील पुस्तक सोडायचं कारण नाही. विषयाचं एक पुस्तक कागदावर असू द्या, ग्रंथालयाच्या पुस्तकपेढीतून घ्या, आणि संदर्भाची चार पडद्यावर वाचा.

गैरसमज : पुस्तकं डिजिटल झाली की कॉलेज स्वस्त झालं

अमेरिकेत एकेक पाठ्यपुस्तक शेकडो डॉलरला जातं, म्हणून तिथे या बदलाने विद्यार्थ्याचं बजेट हलतं. आपल्याकडे बी.ए., बी.कॉम.ची पुस्तकं तुलनेने स्वस्त. खरा पैसा जातो खोलीभाड्यात, मेसमध्ये, एसटीत. वैद्यकीय, अभियांत्रिकी, विधी यांची जाड पुस्तकं महाग, तिथे बचत मोठी. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. पुस्तकं आणि राहणं त्या माफीत नाही. राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि स्वाधार या योजना आहेत, त्यांचे अर्ज मुदतीतच करावे लागतात. ई-पुस्तकं या सगळ्याला पर्याय नाहीत. ती खर्चाचा एक रकाना रिकामा करतात, एवढंच.

तेवढा रकाना तरी यंदा रिकामा करा. ग्रंथालयाच्या काउंटरवर जाऊन स्पष्ट विचारा : आपल्या कॉलेजने एन-लिस्टची या वर्षीची वर्गणी भरली आहे का, आणि माझं खातं कधी उघडून मिळेल? ‘बघू’ असं उत्तर आलं, तर वर्गातल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या घ्या, प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा आणि आवक क्रमांक टाकून पोच घ्या.